काळ्या धाग्याची गोष्ट : अंधेरीतील अदृश्य माणूस आणि सुपरहिरोचे खरेखोटे

१/२६
सुपरहिरोपटांची चर्चा निघाली की एक वाद हमखास उपस्थित होतो : खरे स्टंट श्रेष्ठ की संगणकावर रचलेली दृश्ये? ‘द डार्क नाइट’मधील मालट्रक शिकागोच्या रस्त्यावर खरोखर उलटवला, म्हणून तो थोर. आपल्याकडचा ‘रा.वन’ संगणकात घडला, म्हणून तो लटका. निवाडा साधारण असाच असतो. पण या वादाची दोन्ही टोके आपल्या मुंबईत १९३५ ते १९३७ या दोन वर्षांत, परळ आणि अंधेरी या दोन ठिकाणी, स्पष्टपणे उभी राहिली होती. आजचा धागा त्यांविषयी. आणि योगायोग असा की, ही गोष्टही एका धाग्याचीच आहे.

२/२६
आधी संज्ञा नीट लावून घेऊ. स्टंट म्हणजे माणसाच्या देहाने, खऱ्या जागी, खरा धोका पत्करून केलेली कृती. ट्रिक सीन म्हणजे कॅमेरा, काच, पडदा, छोट्या प्रतिकृती आणि फिल्मवरील दुहेरी छायांकन यांच्या आधारे केलेली नजरबंदी. संगणकीय दृश्य हे ट्रिक सीनचे आजचे रूप. म्हणजे वाद दोन काळांचा नसून दोन कलांचा आहे, आणि या दोन्ही कला आपल्याकडे जवळजवळ चित्रपटाच्या जन्मापासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

३/२६
दादासाहेब फाळके यांच्यापासून प्रारंभ करणे भाग आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी जादूचे प्रयोग केले होते, आणि त्यासाठी स्वतःचे आडनाव उलटे फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३), ‘लंकादहन’ (१९१७), ‘कालियामर्दन’ (१९१९) हे त्यांचे चित्रपट पाहताना हा जादूगार सतत जाणवतो. देव प्रकट होतो, हनुमान उडतो, कालियाशी बालकृष्ण झुंजतो. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस हाही रंगमंचावरचा जादूगारच होता. पडद्यावरील चमत्काराचे कूळ असे हातचलाखीशी जोडलेले आहे.

४/२६
पण फाळक्यांच्याच चरित्रात दुसरी बाजूही आहे. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदासाची भूमिका त्यांचा मुलगा भालचंद्र याने केली. चित्रीकरणाच्या काळात तो खडकावर पडला, डोक्याला जखम झाली आणि त्याची शुद्ध हरपली. रोहिदासाच्या मृत्यूचे दृश्य घ्यावयाचे होते. फाळक्यांनी काम थांबवले नाही, असे त्यांचे चरित्र सांगते. ही हकिकत सहसा निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती वाचताना मला मात्र दर वेळी एक प्रश्न पडतो : पडद्यावरच्या सत्यासाठी कोणाच्या देहाने किती मोजावे, हे कोण ठरवते? हा प्रश्न लक्षात असू द्यावा. धाग्याच्या शेवटी तो पुन्हा येणार आहे.

५/२६
आता परळ. १९३३ मध्ये जमशेद आणि होमी या वाडिया बंधूंनी ‘वाडिया मूव्हिटोन’ स्थापन केली. जहाजबांधणीसाठी नावाजलेल्या वाडिया घराण्याच्या लवजी कॅसल या वास्तूत त्यांचा स्टुडिओ होता. जमशेद वाडिया हे डग्लस फेअरबँक्सच्या साहसपटांचे चाहते. मुखवटा घातलेला वीर, घोडदौड, तलवारबाजी हा सारा मसाला त्यांना हिंदी पडद्यावर आणायचा होता. त्यासाठी त्यांना जी नायिका मिळाली, ती ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेली मेरी अॅन इव्हान्स. प्रेक्षक तिला ‘फिअरलेस नादिया’ म्हणून ओळखतात.

६/२६
१९३५ चा ‘हंटरवाली’ आठवा. राजकन्या माधुरी मुखवटा चढवते, हातात चाबूक घेते आणि अन्यायाचा समाचार घेते. दुहेरी ओळख, मुखवटा, विशिष्ट शस्त्र, दुर्बळांचे रक्षण. सुपरहिरोची बहुतेक लक्षणे येथे हजर आहेत. सुपरमॅन कॉमिक्सच्या पानांवर अवतरला १९३८ मध्ये आणि बॅटमॅन १९३९ मध्ये. त्यांच्याआधी परळमध्ये एक मुखवटाधारी स्त्री पडद्यावर खलांना उचलून आपटत होती, ही गोष्ट आपल्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदली जायला हवी.

७/२६
नादियाचे आकर्षण कशात होते? ती स्वतः करत होती. सर्कसमध्ये काम केलेला तो देह होता. ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करते, तेव्हा केसांत भरणारा वारा खरा असतो, डब्याचा हादरा खरा असतो आणि पाय घसरला असता तर पुढचे सारेच खरे ठरले असते. प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो तो या शेवटच्या शक्यतेमुळे. खऱ्या स्टंटची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे येथे रास्त आहे. देहाचे वजन डोळ्यांना कळते, आणि ते खोटे पाडणे फार अवघड असते.

८/२६
आता परळहून उत्तरेला अंधेरीकडे वळू. १९३७ साली अंधेरी मुंबई महापालिकेच्या हद्दीत नव्हती. ती हद्दीत आली १९५० मध्ये, आणि बोरिवली व मुलुंड तर १९५७ मध्ये. साष्टी बेटावर तेव्हा मोकळ्या जमिनी होत्या, झाडी होती, शहराचा गोंगाट नव्हता. बोलपटाला शांतता लागते, आणि मोठ्या सेटला जागा. म्हणून मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली आणि अंधेरीत विजय भट्ट व शंकरभाई भट्ट यांची प्रकाश पिक्चर्स. आज ज्या परिसरातून मेट्रो धावते, तो तेव्हा चित्रपटवाल्यांचा गाव होता.

९/२६
१९३३ मध्ये हॉलिवूडमध्ये ‘द इन्व्हिजिबल मॅन’ आला होता. एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात सदरा चालतो, पण सदऱ्यात माणूस दिसत नाही. त्यामागे जॉन फुल्टन या तंत्रज्ञाची योजना होती. नटाला नखशिखांत काळ्या मखमलीत गुंडाळायचे, वर कपडे चढवायचे आणि काळ्या मखमलीच्याच पार्श्वभूमीवर त्याचे छायांकन करायचे. काळ्यावर काळे दिसत नाही. दिसतात फक्त कपडे. मग प्रयोगशाळेत ते कपडे दुसऱ्या दृश्यावर बसवायचे. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंपाशी यासाठी यंत्रे होती, वेळ होता आणि पैसाही होता.

१०/२६
विजय भट्ट यांना तसा चित्रपट हिंदीत करायचा होता. त्यांच्याकडे कलाविभागात काम करणारा, सुरतेहून आलेला एक तरुण होता : बाबूभाई मिस्त्री. वय जेमतेम एकोणीस. हॉलिवूडची ती यंत्रसामग्री हाताशी नव्हती. बाबूभाईंनी काळ्या पडद्यापुढे काळा धागा वापरला. वस्तूला धागा बांधायचा, प्रकाश असा ठेवायचा की वस्तू उजळावी आणि धागा अंधारात विरावा, आणि चौकटीबाहेर उभे राहून तो धागा हाताने खेचायचा. पेला हवेत उचलला जातो, वस्तू आपोआप सरकतात. १९३७ चा हा चित्रपट म्हणजे ‘ख्वाब की दुनिया’. त्यानंतर बाबूभाईंना चित्रपटसृष्टीत टोपणनावच पडले : ‘काला धागा’.

११/२६
या युक्तीचे मर्म थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. पडद्यावर अदृश्य माणूस आहे असे प्रेक्षकाला वाटते. वस्तुस्थिती अशी की, तेथे खरोखरच एक अदृश्य माणूस आहे : धागा धरून बसलेला कामगार. त्याने श्वास रोखला आहे, हात स्थिर ठेवला आहे, कारण धागा थरथरला तर पेला थरथरेल आणि भ्रम मोडेल. आपण ज्याला ‘खोटे’ म्हणतो, त्या दृश्यामागेही खरा देह राबत असतो. परळचा देह पडद्यावर दिसला आणि टाळ्या घेऊन गेला. अंधेरीतल्या देहाचे यश न दिसण्यात होते.

१२/२६
पुढे या दोन वाटा एकत्र आल्या. वाडिया बंधू वेगळे झाले आणि होमी वाडिया यांनी १९४२ मध्ये बसंत पिक्चर्स काढली. तिचा स्टुडिओ चेंबूरला उभा राहिला. बाबूभाई मिस्त्री तेथे ट्रिक सीनचे काम करू लागले. स्टंटपटांचे घराणे आता पौराणिक आणि जादूच्या कथांकडे वळले. ‘हातिमताई’ (१९५६) हा या संगमाचा लोकप्रिय नमुना. पुढे बाबूभाई स्वतः दिग्दर्शक झाले. ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) आणि ‘पारसमणी’ (१९६३) हे त्यांचे चित्रपट. आपल्याकडचा उडणारा वीर ‘सुपरहिरो’ हे नाव मिळण्याआधी कितीतरी वर्षे उडतच होता. त्याचे नाव कधी हनुमान असे, कधी घटोत्कच.

१३/२६
पण माणूस उडवणे म्हणजे पेला उडवणे नव्हे. पेल्याला शिवणकामाचा दोरा पुरतो, माणसाला पोलादी तार लागते. येथे एक विलक्षण पेच निर्माण होतो. तार जाड असेल तर कॅमेऱ्याला दिसते. न दिसावी म्हणून ती बारीक घ्यावी, तर ती तुटण्याचा धोका वाढतो. म्हणजे भ्रम जितका निर्दोष, तितका नटाचा जीव टांगणीला. येथे हा वाक्प्रचार अक्षरशः खरा आहे! तारेला काळा वा मंद रंग देणे, ती पार्श्वभूमीतल्या रेषांत लपवणे, प्रकाश कमी ठेवणे, हे सारे उपाय जाडी आणि अदृश्यता यांच्यामधील तडजोडी होत.

१४/२६
हॉलिवूडही याच पेचात होते. १९७८ च्या ‘सुपरमॅन’साठी ख्रिस्तोफर रीव्ह यांना तारांना टांगले गेले. त्याला जोड मिळाली ती झोरान पेरिसिक यांच्या ‘झॉप्टिक’ पद्धतीची. यात मागचे दृश्य टाकणारा प्रोजेक्टर आणि समोरचा कॅमेरा यांच्या झूम भिंगांची हालचाल एकाच लयीत बांधलेली असे. नट जागचा हलत नाही, तरी तो आपल्याकडे झेपावतो आहे असे वाटते. संगणकाचा यात भ्रमापुरताही भाग नव्हता. तरीही ते ‘खरे’ उड्डाण नव्हते. ज्या चित्रपटाला आज आपण ‘खऱ्या करामतींचा काळ’ म्हणून आठवतो, तोही नजरबंदीच करत होता.

१५/२६
देहाच्या बाजूचे एक नाव येथे घेतले पाहिजे : रेश्मा पठाण. ‘शोले’ (१९७५) मध्ये बसंतीचा टांगा उधळतो, तेव्हा हेमा मालिनी यांच्या जागी अनेक दृश्यांत त्या होत्या. टांगा उलटून त्या जखमीही झाल्या. बाईच्या जागी साडी नेसलेला पुरुष ‘डुप्लिकेट’ म्हणून उभा करण्याची प्रथा असलेल्या धंद्यात त्यांनी जागा मिळवली. चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाला. त्यांचे नाव सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचायला चार दशके लागली. २०१९ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘द शोले गर्ल’ हा चित्रपट आला. धागा धरणारा चौकटीबाहेर होता म्हणून दिसला नाही. रेश्मा पठाण चौकटीच्या मधोमध असूनही दिसल्या नाहीत.

१६/२६
१९८७ मध्ये अदृश्य माणूस परतला. ‘मिस्टर इंडिया’! शेखर कपूर यांच्या या चित्रपटातील करामतींची जबाबदारी पीटर परेरा यांच्याकडे होती. तेच ‘अमर अकबर अँथनी’चे छायालेखक आणि बसंत स्टुडिओच्या परंपरेत घडलेले कारागीर. हवेत तरंगणारी हनुमानाची मूर्ती गुंडांना बदडते ते दृश्य आठवा. ते संगणकाविना झाले आहे. ‘ख्वाब की दुनिया’नंतर पन्नास वर्षांनी मुंबईचा सर्वांत लाडका सुपरहिरो त्याच जुन्या कुळातला होता. अंगी फार बळ नाही, उडता येत नाही, फक्त दिसत नाही. स्वस्त चमत्कारातून उभी राहिलेली ही आपली खास देशी परंपरा म्हणावी लागेल.

१७/२६
मराठी पडदाही मागे नव्हता. प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मध्ये भिंत चालली. महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’ (१९९०) मध्ये बाटलीतला गंगाराम अवतरला आणि ‘झपाटलेला’ (१९९३) मधील तात्या विंचूने माझ्या आधीच्या पिढीची झोप उडवली. तो बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवलेला. हॉलिवूडच्या तुलनेत नगण्य खर्चात या मंडळींनी जे केले, ते पाहून आजही हसू येते आणि भीतीही वाटते. दोन्ही एकदम वाटणे, हे त्या कारागिरीचे यश.

१८/२६
१९९७ पासून दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाले, आणि खरेखोटेपणाचा प्रश्न वेगळ्याच अंगाने पुढे आला. गिरक्या घेणाऱ्या नायकाचे अनुकरण मुले करत असल्याच्या बातम्या आल्या. मुकेश खन्ना यांना मालिकेतूनच मुलांना बजावावे लागले की, हे पडद्यावरचे आहे, घरी करू नये. मोठ्यांना त्यातील करामती कच्च्या वाटत होत्या. मुलांना त्या पूर्ण खऱ्या होत्या. दृश्य खरे वाटणे हे तंत्रावर जितके, तितकेच पाहणाऱ्याच्या वयावर आणि श्रद्धेवर अवलंबून असते.

१९/२६
आता या इतिहासातील कलाटणी. १९९१ च्या ‘टर्मिनेटर २’ मध्ये एक मोटरसायकल उंचावरून कालव्यात झेप घेते. ती झेप खरी, पण गाडीचे वजन पेलण्यासाठी तिला जाड केबली बांधल्या होत्या, आणि त्या केबली नंतर संगणकावर पुसण्यात आल्या. वरवर ही किरकोळ सोय वाटते. परंतु तेराव्या भागातला पेच आठवा. तार पुसता येते म्हटल्यावर ती बारीक असण्याची गरज उरली नाही. जाड दोर, भक्कम पट्टे, आधाराची दुसरी तार, सारे काही वापरता येऊ लागले. संगणकाने येथे स्टंटला बाजूला सारले नाही. स्टंट करणाऱ्याचा जीव थोडा अधिक सुरक्षित केला.

२०/२६
२००६ चा ‘क्रिश’ मी घाटकोपरच्या एका चित्रपटगृहात पाहिला. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. हृतिक रोशन इमारतींवरून झेपा घेत होता आणि मी खुर्चीच्या कडेवर होतो. त्या झेपांमागे हाँगकाँगचे साहसदृश्य दिग्दर्शक चिंग सिउ-तुंग यांचे तारकाम होते. म्हणजे नटाचा देह खरा, तार खरी, उडीचा झोकही खरा. आणि तार पुसली संगणकाने. या दृश्याला कोणत्या रकान्यात टाकायचे? ‘खरे’ की ‘खोटे’? मला तर ते परळ आणि अंधेरी यांच्या लग्नातून झालेले अपत्य वाटते.

२१/२६
तार पुसण्याचे काम कसे चालते, हे मला मुलुंडच्या शाळेतल्या एका मित्राने दाखवले. तो अंधेरीच्या एमआयडीसी भागात रात्रपाळीला काम करतो. एका सेकंदाला २४ चौकटी. दहा सेकंदांच्या उडीत २४० चौकटी. सॉफ्टवेअर मदत करते, पण तार केसांवरून किंवा हलत्या पानांवरून गेली की माणसालाच चौकटीमागून चौकट डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. तारेच्या जागी काय दिसले असते, हे ठरवून तेथे रंगवायचे. मी त्याला बाबूभाईंची गोष्ट सांगितली. तो हसून म्हणाला, “म्हणजे ते धागा लपवत होते आणि मी तेच करतोय.” या साऱ्या धाग्याचा सारांश त्याने एका वाक्यात सांगितला.

२२/२६
संगणकाला पर्याय नसतो असेही काही प्रसंग असतात. ‘रा.वन’ (२०११) मधील अनावर लोकल आठवा, जी छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या इमारतीत घुसते. लाखो प्रवाशांची गाडी खरोखर अडवून, जागतिक वारसा असलेली वास्तू फोडून ते दृश्य घेता आले नसते. या चित्रपटाला विशेष दृश्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट आवडणे न आवडणे वेगळे. परंतु ज्या लोकलला आपण रोज लोंबकळतो, ती पडद्यावर उधळताना पाहून उपनगरातल्या प्रेक्षकाच्या मनात जे झाले, ते खोटे नव्हते.

२३/२६
आता चौथ्या भागातील प्रश्नाकडे. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘मस्तीगुडी’ या कन्नड चित्रपटाच्या चित्रीकरणात दोन स्टंट कलाकारांनी हेलिकॉप्टरमधून बंगळूरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात उड्या घेतल्या आणि दोघेही बुडून मरण पावले. खऱ्या स्टंटसाठी ज्याचे कौतुक आपण करतो, त्या ‘द डार्क नाइट’च्या पूर्वतयारीतही २००७ मध्ये एका स्टंटची चाचणी घेताना एक तंत्रज्ञ मरण पावला. तो चित्रपट हीथ लेजर यांच्याबरोबर त्यालाही अर्पण केलेला आहे. ‘यात संगणक नाही’ अशी जाहिरात वाचून टाळी वाजवण्यापूर्वी ही दोन वाक्ये आठवावीत, एवढेच.

२४/२६
संगणकाची बाजू तरी निष्कलंक आहे काय? तेथे हाडे मोडत नाहीत, पण माणसे झिजतात. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ घडवणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ या संस्थेचा मुंबईतही स्टुडिओ होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, आणि त्याच महिन्यात त्याच कामासाठी ऑस्कर मिळाले. २०२३ मध्ये मार्व्हलच्या दृश्यकलाकारांनी संघटना स्थापण्यासाठी मतदान केले. मुंबईच्या उपनगरांत रात्री उशिरापर्यंत चौकटी पुसणाऱ्या मुलांची नावे श्रेयनामावलीत येतात तेव्हा बहुतेक प्रेक्षक पार्किंगपर्यंत पोहोचलेले असतात.

२५/२६
नावांचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. १९२९ च्या पहिल्याच ऑस्कर सोहळ्यात तांत्रिक करामतींसाठी ‘विंग्ज’ या चित्रपटाला पारितोषिक होते. स्टंटसाठी ऑस्कर देण्याचा निर्णय झाला २०२५ मध्ये, आणि ते प्रत्यक्ष दिले जाणार २०२८ मध्ये. जवळपास शंभर वर्षांचे अंतर! आपल्याकडे साहसदृश्य दिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार २०१७ पासून मिळू लागला. त्याच वर्षी अक्षय कुमार यांच्या पुढाकाराने मुंबईच्या स्टंट कलाकारांसाठी विमा योजना आली. ‘हंटरवाली’ आणि विमा यांच्यामध्ये ८२ वर्षे गेली.

२६/२६
म्हणून ‘खरे की संगणकीय’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. नादियाच्या टपावरच्या मारामारीत जो थरार आहे, तो कोणताही संगणक पुरता देऊ शकत नाही, हे मान्य. पण तो थरार कोणाच्या जिवावर, कोणत्या संमतीने, कोणत्या मोबदल्यात, हे विचारल्याशिवाय त्याचे कौतुक पूर्ण होत नाही. बाबूभाई मिस्त्री २०१० मध्ये गेले. त्यांचा धागा आजही अंधेरीतच आहे. फक्त तो आता पडद्याऐवजी संगणकात लपवला जातो. पुढच्या वेळी सुपरहिरो उडेल तेव्हा क्षणभर तार शोधून पाहावी. ती दिसणार नाही. पण तिच्या एका टोकाला कोणीतरी लोंबकळत होते आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी जागत होते, एवढे आठवले तरी पुरे.

धागा समाप्त. तुमच्या घरात, चाळीत किंवा सोसायटीत स्टुडिओत काम केलेले कोणी असेल, तर त्यांच्या आठवणी अवश्य लिहून ठेवा. या इतिहासाची बरीच पाने अजून कागदावर उतरलेली नाहीत. काही चूक आढळल्यास निःसंकोच दाखवावी, दुरुस्त करेन.